तीन हजार पट, पण कशाच्या?

शिंपल्याविषयीचे एक वाक्य विज्ञानप्रसाराच्या वाटेवर वारंवार भेटते. शिंपल्याच्या आतला चमकदार थर खडूच्याच पदार्थाचा, पण निसर्गाने तो असा रचला आहे की तो खडूपेक्षा तीन हजार पट मजबूत होतो, अशा अर्थाचे. प्रदर्शनांतल्या तक्त्यांवर ते असते, व्याख्यानांत असते आणि थोड्याफार फरकाने संशोधन-निबंधांच्या पहिल्या परिच्छेदातही असते. विद्यार्थ्यांना ते आवडते, शिक्षकांनाही आवडते. आवडण्यासारखेच आहे म्हणा! पण माझे काम सिरॅमिक पदार्थ तयार करणे आणि मोडणे हे असल्यामुळे मला दर वेळी विचारावेसे वाटते: तीन हजार पट म्हणजे काय मोजून? आणि कशाच्या तुलनेत?

सुरुवातीलाच एक किरकोळ हिशेब मिटवून टाकू. आपण फळ्यावर वापरतो तो खडू बहुतेक वेळा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा. तेव्हा वर्गात हातातला खडू दाखवून 'हाच तो पदार्थ' म्हणणे बहुधा चुकीचे ठरते. चुनखडी किंवा संगमरवराचा तुकडा दाखवला तर अधिक बरे. हा संगमरवर पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आता वस्तू पाहू. मोत्याच्या शिंपल्याच्या आतल्या बाजूस जो इंद्रधनुषी थर असतो त्याला नेकर म्हणतात. मोतीही याच पदार्थाचा असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो सपाट, बहुभुज चकत्यांच्या थप्प्यांसारखा दिसतो. एकेक चकती साधारण अर्धा मायक्रोमीटर जाड आणि पाच ते दहा मायक्रोमीटर रुंद. चकत्या ॲरॅगोनाइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाच्या. दोन थरांच्या मध्ये प्रथिने व कायटिन यांचा वीस-तीस नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा. एकूण पदार्थात खनिज सुमारे ९५ टक्के, सेंद्रिय भाग उरलेला ५ टक्के. चकत्यांची जाडी दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या घरातली असल्यामुळे तो रंगांचा खेळ दिसतो. सर चंद्रशेखर रामन यांनी १९३०च्या दशकात अशा शिंपल्यांच्या रंगांवर निबंध लिहिले होते. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आपला प्रश्न मजबुतीचा. मराठीत आपण 'मजबूत' हा एकच शब्द चार वेगवेगळ्या गुणांसाठी वापरतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. ओरखडा किती उठतो यावरून कठीणपणा ठरतो. भार दिल्यावर पदार्थ किती कमी वाकतो किंवा ताणला जातो तो ताठपणा. किती ताणावर तो तुटतो ती बळकटी. आणि त्यात तडा पुढे सरकवायला किती खटपट करावी लागते तो चिवटपणा. काच कठीण आहे, ताठ आहे, ओरखडा नसेल तर चांगली बळकटही आहे; पण चिवट नाही. सायकलच्या ट्यूबचे रबर चिवट आहे, ताठ मुळीच नाही. एका गुणातली 'पट' दुसऱ्या गुणाला लावता येत नाही. शिंपल्याच्या वाक्यात नेमके हेच होते. तीन हजार हा आकडा चिवटपणाचा आहे, तोही चिवटपणा मोजण्याच्या एका विशिष्ट रीतीचा. आणि वाक्य बोलते मजबुतीविषयी.

आकड्याचा उगम शोधत गेलो तर दोन चांगल्या निबंधांपाशी पोचतो. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ जॉन करी यांनी १९७७ साली नेकरच्या पट्ट्या ताणून व वाकवून मोजमापे प्रसिद्ध केली. पुढे १९८८ साली जॅक्सन, व्हिन्सेंट आणि टर्नर यांनी 'पिंक्टाडा' या मोत्याच्या शिंपल्यावर अधिक काटेकोर काम केले. कोरड्या नेकरचा ताठपणा सुमारे ७० गिगापास्कल, ओल्याचा ६०. ताणातली बळकटी कोरडी १७० मेगापास्कल, ओली १४०. आणि मोडण्याचे कार्य, म्हणजे पट्टी मोडून तिचा एक चौरस मीटर नवा पृष्ठभाग उघडा करायला लागलेली ऊर्जा, ३५० ते १२४० ज्यूल.

या शेवटच्या आकड्यापाशी जरा थांबावे. एकाच पदार्थासाठी ३५० आणि १२४०? निबंधकर्त्यांनी त्याचे कारण लपवलेले नाही. नमुना किती ओला आहे आणि आधारांमधले अंतर पट्टीच्या जाडीच्या किती पट आहे, यांवर हा आकडा बदलतो. ओलाव्याचे ठीक आहे. प्रथिनांचा पापुद्रा पाण्याने मऊ होतो आणि त्यामुळे नेकर अधिक चिवट होते. जिवंत शिंपला ओलाच असतो. आपल्या कपाटातला शिंपला आणि सदऱ्याचे शिंपल्याचे बटण कोरडे असते. पण पट्टीच्या लांबी-जाडीच्या प्रमाणावर जे अवलंबून राहते ते निव्वळ पदार्थाचे लक्षण नव्हे, त्यात प्रयोगाच्या मांडणीचाही वाटा असतो. लोखंडाची घनता त्याच्या खिळ्याच्या लांबीवर बदलली तर आपण काय म्हणू?

आता भागाकार करू. ॲरॅगोनाइटच्या एकसंध स्फटिकात तडा पाडायला लागणारी ऊर्जा अगदीच थोडी, चौरस मीटरला एका ज्यूलहूनही कमी. समजा ०.४ ज्यूल धरली. १२४० भागिले ०.४ म्हणजे ३१००. हेच आपले तीन हजार. पण ३५० भागिले ०.४ केले तर ८७५ येतात. एकाच निबंधातल्या दोन टोकांच्या आकड्यांतले मोठे टोक प्रसिद्ध झाले, छोटे मागे राहिले. विज्ञानप्रसारात असे नेहमीच घडते आणि त्यात मूळ संशोधकांचा दोष नसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना समजावण्यासारखी. चिवटपणा मोजण्याच्या दोन रीती आहेत. एकीत ऊर्जा मोजतात. दुसरीत असे पाहतात की ठरावीक लांबीचा तडा आधीच पडलेला असताना पदार्थ किती ताण सोसतो. या दुसऱ्या मापाला आपण तडारोध म्हणू. दोन्हींचे नाते सोपे आहे: ऊर्जा ही तडारोधाच्या वर्गाला ताठपणाने भागून मिळते. स्प्रिंगची ऊर्जा जशी बलाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तसेच. म्हणजे ऊर्जेत तीन हजार पट वाढ झाली तर सोसण्याच्या ताणात तीन हजारांच्या वर्गमुळाइतकी, पन्नासच्या आसपास वाढ होणार. वरच्याच आकड्यांवरून हिशेब केला तर नेकरचा तडारोध, मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ या एककात, साधारण ५ ते ९ येतो आणि ॲरॅगोनाइटच्या स्फटिकाचा ०.२. म्हणजे पंचवीस ते पंचेचाळीस पट. तडा गेलेल्या भांड्यावर किती भार टाकता येईल, हा जर तुमचा प्रश्न असेल तर उत्तर हे आहे. दोन्ही आकडे खरेच. परंतु कोणता सांगायचा हे सांगणाऱ्याला काय हवे आहे यावर ठरत आले आहे.

तिसरी गोष्ट छेदाची. एकसंध स्फटिकाशी तुलना करणे हे थोडे सोयीचे आहे. एकसंध स्फटिक हा ठिसूळपणात अट्टल असतो, कारण त्यात तड्याला अडवायला काहीच नसते. त्याऐवजी बारीक कणांचा संगमरवर घ्या. तोही कॅल्शियम कार्बोनेटच, शिवाय प्रथिनांचा थेंबही नाही. त्याचा तडारोध साधारण १ असतो. ढोबळ हिशेबाने त्याची मोडण्याची ऊर्जा पंधरा-वीस ज्यूल येते. मग नेकर संगमरवरापेक्षा ऊर्जेच्या मापाने वीस ते ऐंशी पट चिवट, तडारोधाच्या मापाने पाच ते नऊ पट चिवट, आणि ताणातल्या बळकटीत दहा पट किंवा थोडी जास्त. माझ्या मते हे आकडेही थक्क करणारेच आहेत. पाच टक्के डिंकासारखा पदार्थ आणि नेटकी रचना यांच्या जोरावर एखाद्या ठिसूळ दगडाची बळकटी दहा पट करून दाखवा असे आम्हाला कोणी सांगितले तर आमची सारी प्रयोगशाळा वर्षभर गुंतून पडेल. त्यासाठी तीन हजारांची गरज नाही.

आणि पोलाद? 'पोलादापेक्षा मजबूत' हेही ऐकायला मिळते. साध्या बांधकामाच्या पोलादाची बळकटी ४०० मेगापास्कलच्या पुढे असते, तडारोध सहसा शंभराच्या वर. नेकरची घनता पोलादाच्या एक-तृतीयांश आहे हे खरे, पण तडारोधातली ही दरी तेवढ्याने भरून निघत नाही.

आता नेकर चिवट का, याकडे वळू. इथे पाठ्यपुस्तकी उपमा ठरलेली आहे: विटा आणि सिमेंट. चकत्या म्हणजे विटा, प्रथिन म्हणजे मधला माल. उपमा रचनेपुरती चालते. गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही, सांधेमोड करतो, तशीच इथे चकतीवरची चकती सरकवलेली असते. पण गुणधर्माच्या बाबतीत ही उपमा दिशाभूल करते. विटांची भिंत दाबाला उत्तम आणि ताणाला अगदी दुबळी. ती ताणली तर मालाच्या सांध्यांतून सरळ उघडते आणि काम संपते. वीट तिच्या उंचीच्या जेमतेम तिप्पट लांब असते, नेकरची चकती तिच्या जाडीच्या दहा-पंधरा पट रुंद. यामुळे वरखालच्या चकत्या एकमेकींना मोठ्या पृष्ठभागावर घट्ट धरून असतात. ताण आला की त्या अगदी किंचित सरकतात. सरकणे सोपे असते तर सगळे सरकणे एकाच जागी होऊन पट्टी तुटली असती. तसे होत नाही. एका जागी सरकले की तिथे पुढचे सरकणे अधिक अवघड होते, मग शेजारची जागा सरकते, मग तिच्या शेजारची. हजारो लहान सरकण्यांची बेरीज होऊन नेकर सुमारे एक टक्का लांबते. शुद्ध खनिज एक-दशांश टक्क्याच्या आसपासच तुटून जाते. वाचलेली सारी ऊर्जा या सरकण्याच्या घर्षणात खर्ची पडते, तड्याच्या टोकाला मिळत नाही.

पण सरकल्यावर सरकणे अवघड का होते? याचे एकच उत्तर नाही, आणि लोकप्रिय लेखन ही गोष्ट सहसा गाळते. पॉल हान्स्मा यांच्या गटाने १९९९ साली दाखवले की मधल्या प्रथिनाचे रेणू गुंडाळलेल्या गाठींसारखे एकेक करून उलगडतात आणि प्रत्येक उलगडण्यात ऊर्जा खातात. चकत्यांच्या पृष्ठभागावरील नॅनोमीटर उंचीचे खडबडीत उंचवटे एकमेकांत अडकतात, असा पक्ष २००१ साली पुढे आला. चकत्यांना जोडणारे बारीक खनिज-पूल आधी मोडावे लागतात, असे आणखी काहीजण सांगतात. फ्रान्स्वा बार्थेलाट आणि होरासिओ एस्पिनोसा यांनी २००७ च्या सुमारास असे मांडले की चकत्या पूर्ण सपाट नसतातच. त्यांना हलका बाक असतो आणि सरकताना कडेला त्या सुताराच्या पोपटशेपटी सांध्यासारख्या घट्ट बसतात. मला यांतले शेवटचे स्पष्टीकरण सर्वांत पटते, कारण त्यावरून भाकीत करता येते: बाक नसलेल्या चकत्यांची नक्कल करा, चिवटपणा फारसा येणार नाही. पण हे माझे मत झाले. बहुधा या सगळ्यांचा थोडा थोडा वाटा असावा.

याच्या उलट एक सिद्धांत मात्र मला नेहमी खटकतो. २००३ साली हुआजिआन गाओ व सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले की खनिजाचा कण सुमारे ३० नॅनोमीटरपेक्षा लहान असेल तर त्यातले दोष निरुपद्रवी ठरतात. गणित सुंदर आहे. पण नेकरची चकती पाचशे नॅनोमीटर जाड असते! पंधरा-सोळा पटींचा फरक असताना 'निसर्गाने म्हणूनच नॅनो-आकार निवडला' असे शिंपल्याचे चित्र छापून सांगणे म्हणजे टोपी आवडली म्हणून डोके लहान समजणे आहे.

निसर्गाने 'निवडला' या शब्दावरही थोडे बोलायला हवे. नेकर जर सर्वोत्तम असेल तर सगळ्या शंख-शिंपल्यांत ते असायला हवे होते. तसे नाही. करी आणि टेलर यांनी १९७४ सालीच वेगवेगळ्या कवचांची बळकटी मोजली होती. ताणात नेकर सर्वांत वरचढ ठरले. तरी बहुसंख्य गोगलगायींच्या व पुष्कळ शिंपल्यांच्या कवचांत नेकर नसतेच, आडवे-उभे पट्टे एकमेकांना छेद देत रचलेली वेगळीच बांधणी असते. आपला पूजेतला शंखही त्याच जातीचा. नेकर ही फार प्राचीन रचना आहे आणि गोगलगायींच्या अनेक शाखांनी ती मागे टाकून दुसरी घेतली. का? एक सुचवलेले कारण खर्चाचे आहे. रिचर्ड पामर यांच्या अभ्यासानुसार प्राण्याला कवचातले खनिज स्वस्त पडते आणि प्रथिन महाग. पाच टक्के प्रथिनाच्या कवचापेक्षा एक-दोन टक्क्यांचे कवच लवकर, कमी खर्चात वाढते. लवकर मोठे झालेले, थोडे कमी बळकट कवच सावकाश वाढलेल्या उत्तम कवचापेक्षा खेकड्यापासून अधिक वाचवत असेल, तर उत्क्रांतीला तेवढे पुरते. तेव्हा वर्गात 'निसर्गाची परिपूर्ण रचना' असे शब्द वापरू नयेत. शिंपल्याने समुद्रात मिळेल त्या कॅल्शियममधून, समुद्राच्याच तापमानात, जिवंत राहत-राहत केलेली ती जुळवाजुळव आहे. अभियंत्याला यांपैकी एकही अट पाळण्याची सक्ती नाही.

हा मुद्दा ज्यांनी ओळखला त्यांचे काम मला सर्वांत चांगले वाटते. १९९० साली विल्यम क्लेग, केव्हिन केंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये अवघ्या दोन-तीन पानांत एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. सिलिकॉन कार्बाइडची पूड चिकट पदार्थात मळून त्याच्या पातळ पोळ्या लाटल्या, प्रत्येकीवर ग्रॅफाइटचा हात फिरवला, एकावर एक रचून दाबल्या आणि भट्टीत भाजल्या. ग्रॅफाइट दुबळे, तडा तिथे पोचला की सरळ जाण्याऐवजी आडवा वळतो, पुढच्या पोळीत त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. तडारोध चौपटीहून अधिक झाला आणि मोडण्याचे कार्य शंभर पटींहून बरेच अधिक. गंमत पाहा: शंभराचे वर्गमूळ दहा, चार नव्हे. म्हणजे वर सांगितलेले वर्गाचे नातेही इथे जुळत नाही. कारण पहिला थर तुटल्यानंतर, तडा आडवातिडवा भटकत असताना खर्च झालेली ऊर्जा एका मापात धरली जाते, दुसऱ्यात नाही. लेखकांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिले. ही सचोटी पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत विरळ होत गेली. त्यांनी शिंपल्याची नक्कल केली नाही हेही लक्षात घ्या. थरांची जाडी मायक्रोमीटरांत नव्हती, चकत्या नव्हत्या, प्रथिन नव्हते. 'दुबळा सांधा तड्याला वळवतो' एवढी एकच कल्पना उचलली.

पुढच्या दोन दशकांत नक्कल अधिक बारीक झाली. निकोलस कोटोव्ह यांच्या गटाने २००३ साली काच आलटून-पालटून बहुवारिकाच्या द्रावणात आणि चिकणमातीच्या निलंबनात बुडवून थरावर थर चढवले. नाव दिले कृत्रिम नेकर. ताणातली बळकटी सुमारे १०० मेगापास्कल, नेकरच्या जवळपास. पण दोनशे वेळा बुडवून मिळालेल्या पापुद्र्याची जाडी पाचएक मायक्रोमीटर, केसाच्या एक-दशांशाहूनही कमी. एक मिलिमीटर जाड पत्र्यासाठी किती बुडव्या लागतील हे गणित सातवीच्या वर्गाला घालण्यासारखे आहे. त्याच गटाने २००७ साली ४०० मेगापास्कल बळकटी आणि शंभर गिगापास्कलहून अधिक ताठपणा मिळवला. खरोखर मोठे काम. मात्र तो पापुद्रा अर्धा टक्काही न लांबता तुटतो. नेकरचा जो गुण साऱ्या जगाला भुरळ घालतो, सरकत-सरकत लांबण्याचा, तोच इथे हरवला. तरी नेकरचे नाव मात्र कायम राहिले.

गोठवण्याची पद्धत मला अधिक आवडते, आणि शिक्षकांनाही आवडेल. रंगीत सरबत फ्रीजरमध्ये गोठवले तर कडेला पांढरा बर्फ होतो आणि रंग, साखर मध्याकडे ढकलली जाते, हे घरात सर्वांनी पाहिलेले असते. बर्फाच्या स्फटिकात परक्या पदार्थाला जागा नसते. बर्कली येथील प्रयोगशाळेत सिल्व्हें देव्हिल, एदुआर्दो साइझ, अँटनी टॉम्सिया आदींनी २००६ साली याचाच उपयोग केला. सिरॅमिक पूड पाण्यात कालवून एका बाजूने गोठवली. बर्फाची पाने पुढे वाढत गेली आणि पूड पानांच्या मधल्या फटींत दाबली गेली. मग बर्फ वितळू न देता निर्वातात उडवून टाकला, उरलेला पापुद्र्यांचा सांगाडा भाजला, फटींत दुसरा पदार्थ भरला. २००८ साली याच मार्गाने ॲल्युमिना आणि ॲक्रिलिकचा संयुक्त पदार्थ झाला: ८० टक्के ॲल्युमिना, बळकटी २०० मेगापास्कल, तडारोध ३० पर्यंत. निबंधात 'घटकांच्या तीनशे पटींहून अधिक चिवट, ऊर्जेच्या मापात' असे म्हटले आहे. 'ऊर्जेच्या मापात' हे शब्द निबंधात आहेत, बातम्यांत गळले. शिवाय ३० हा आकडा तडा बराच वाढल्यानंतरचा. अशा पदार्थांत तडा सुरू होताना रोध कमी असतो आणि तडा लांबत जाईल तसा वाढतो. त्यामुळे कोणत्या क्षणी मोजले हे सांगितल्यावाचून आकड्याला अर्थ नाही.

या पद्धतीला स्वतःची एक अडचण आहे. थंडी तळाकडून येते आणि बर्फ जसा जाड होतो तशी ती पुढे पोचायला वेळ लागतो, गोठण्याचा वेग मंदावतो. वेग मंदावला की बर्फाची पाने जाड होतात आणि त्यांच्यामधली भिंतही. म्हणून खालचा भाग बारीक रचनेचा, वरचा भरड, असा ठोकळा मिळतो. तळाचे तापमान सतत उतरवत नेऊन यावर काही प्रमाणात मात करता येते, पण काही सेंटिमीटरांपुढे ते फार कष्टाचे होते. हे काम करणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत गेलात तर नमुने नखाएवढे किंवा काडेपेटीएवढे दिसतील.

देव्हिल यांच्याच गटातील फ्लोरियां बूव्हील आदींचा २०१४ सालचा निबंध मला या साऱ्या साहित्यात उत्कृष्ट वाटतो. त्यांनी मऊ पदार्थ काढूनच टाकला. ॲल्युमिनाच्या चकत्या, त्यांच्यामध्ये ॲल्युमिनाचेच अतिसूक्ष्म कण आणि सिलिका-कॅल्शियाचा काचेसारखा दुवा. सगळेच ठिसूळ! तरी बळकटी ४७० मेगापास्कल. तडारोध तडा सुरू होताना ६ च्या आसपास आणि वाढल्यावर २२ पर्यंत. साध्या ॲल्युमिनाचा तडारोध ३ ते ४ असतो. शिवाय ६०० अंश सेल्सियसलाही हे गुण बरेचसे टिकतात. प्रथिन किंवा ॲक्रिलिक तिथे जळून गेले असते. सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही आकडे त्यांनी दिले, म्हणून वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येते.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे चीनमधील हफेई येथील शू-होंग यू यांच्या गटाचे २०१६ सालचे काम. त्यांनी कायटिनच्या सांगाड्यात द्रावणातून ॲरॅगोनाइटच वाढवला, खनिज वजनाने ९१ टक्के. शिंपल्याला जे काम करायला महिने-वर्षे लागतात ते काही आठवड्यांत झाले. नक्कल म्हणून याला तोड नाही. स्फटिक सेंद्रिय सांगाड्यात कसा वाढतो हे समजण्यासाठीही ते मोलाचे आहे. पण अभियांत्रिकी पदार्थ म्हणून पाहिले तर ॲरॅगोनाइट वापरायचाच कशाला, याचे उत्तर 'शिंपला वापरतो म्हणून' याखेरीज मला सापडत नाही. शिंपल्यापाशी ॲल्युमिनाची भट्टी नव्हती.

उपयोगाच्या बाजूने सर्वांत पुढे गेलेले काम मला काचेचे वाटते. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात बार्थेलाट यांच्या गटाने २०१९ साली पातळ काचांवर लेझरने बारीक चौकटी कोरल्या, मध्ये मऊ बहुवारिकाचे पापुद्रे घातले आणि सांधेमोड ठेवून थर जोडले. काच पारदर्शक राहिली आणि आघात सोसण्यात दुप्पट ते तिप्पट सरस ठरली. कोणापेक्षा? बाजारात मिळणाऱ्या थरांच्या सुरक्षा-काचेपेक्षा आणि पाणी दिलेल्या कडक काचेपेक्षा. दोन-तीन पट म्हणजे तीन हजारांपुढे काहीच नाही, म्हणून बातमी लहान आली. परंतु इथे तुलना खऱ्या प्रतिस्पर्ध्याशी आहे, आपल्याच सर्वांत दुबळ्या घटकाशी नाही. एका परिसंवादात मी एका वक्त्याला विचारले होते की तुमचा पदार्थ तुमच्याच घटकांपेक्षा किती पट, हे कळले, पण साध्या काच-तंतूंच्या प्लास्टिकपेक्षा किती? उत्तर मिळाले नाही, चहाची वेळ झाली होती.

शाळेत करता येण्याजोगे थोडे. शिंपला निवडताना आतून इंद्रधनुषी रंग दिसतो का ते पाहावे. किनाऱ्यावर मिळणारे पुष्कळ शिंपले आतून नुसते गुळगुळीत पांढरे असतात. ते नेकर नव्हेत. नदी-तळ्यातले गोड्या पाण्यातले काळपट शिंपले बहुधा उपयोगी पडतात. चमकदार थराचा लहान तुकडा व्हिनेगरमध्ये ठेवावा, व्हिनेगर अधूनमधून बदलावे. खनिज विरघळून गेल्यावर तरंगणारे पातळ पापुद्रे उरतात. तेच ते पाच टक्के. गोव्यातल्या शिक्षकांना आणखी एक सोय आहे. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेल्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांना सर्रास मोत्याचा शिंपला म्हटले जाते. ते नेकर नाही. 'प्लाकुना' जातीचा तो शिंपला कॅल्साइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या दुसऱ्या स्फटिकरूपाच्या, अतिपातळ थरांचा असतो आणि त्यात सेंद्रिय भाग जेमतेम एक टक्का. लिंग ली व क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी २०१४ साली त्यावर टोचणीचे प्रयोग करून दाखवले की टोचलेल्या जागी स्फटिकातच जुळे पट्टे तयार होऊन ऊर्जा जिरते आणि नुकसान त्या जागेपुरते राहते. नेकरपेक्षा वेगळीच तऱ्हा. हा प्राणी कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा तो खिडकीतच पाहावा.

तड्याचा प्रयोग प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्यांनी होतो. दोन मिलिमीटर जाडीच्या पाच पट्ट्या सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनने एकावर एक चिकटवाव्यात, आणि दहा मिलिमीटर जाडीची एकच पट्टी वेगळी करावी. दोन आधारांवर ठेवून मधोमध डबा टांगावा आणि त्यात हळूहळू वाळू घालत जावे. अखंड पट्टी एका क्षणात, आवाज करून तुटते. थरांची पट्टी आधी वाकते आणि साधारणपणे एकेक थर करत मोडते. पण वाळूचे वजन जरूर करावे. थर एकमेकांवर अगदी मोकळे सरकत असतील तर गणिताप्रमाणे पाच थरांची पट्टी अखंड पट्टीच्या एक-पंचमांश भारालाच मोडायला सुरुवात होते आणि त्याआधी पाच पट जास्त वाकते. सोल्यूशन थोडेफार धरून ठेवते, म्हणून प्रत्यक्ष आकडे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतील. विद्यार्थी विचारतील की मग यातली मजबूत पट्टी कोणती? फळ्यावर चार रकाने आखून कठीणपणा, ताठपणा, बळकटी, चिवटपणा असे लिहावे आणि या प्रयोगात त्यांतले कोणते मोजले गेले, कोणते नाही, ते त्यांनाच भरू द्यावे.